शुक्रवारच्या सह्या

"बसा ना खुशालभाऊ, उभे काय राहिलात," असं गुणवंतराव म्हणाले आणि खुशाल दाराशीच थबकला. सहा वर्षं तो या केबिनमध्ये येत होता. टेबलाखाली शिरून वायर शोधायला, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद उपसायला, आणि बरेचदा नुसती बोलणी खायला. समोरची खुर्ची माणसाला बसण्यासाठी असते, हे गुणवंतरावांना त्याच्या बाबतीत या सहा वर्षांत कधी सुचलं नव्हतं. नावापुढे भाऊ लागणं तर दूरच. 'अरे कॉम्प्युटरवाले' एवढ्यावर भागत होतं आणि त्यालाही ती हाक अंगवळणी पडली होती. तो बसला. बसल्याबरोबर वाटलं, बसायला नको होतं. पण आता उठणं म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि भांडणाची तयारी करून तो आला नव्हता. खरं म्हणजे आला होता. चंद्रपूरहून कोरपन्याच्या बसमध्ये, खिडकीशी, एप्रिलची झळ तोंडावर घेत, राजुरा मागे पडल्यापासून तो एकच वाक्य घोकत होता: साहेब, ती फाइल उघडी होती, म्हणून तिची नक्कल झालीच नाही. साधं वाक्य होतं. शेजारी बसलेल्या बाईने दोनदा वळून पाहिलं म्हणजे ओठही हलत असणार. आता खुर्चीच्या रेक्झिनला पाठीचा घाम चिकटला आणि ते वाक्य डोक्यात कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसलं ते त्याला सापडेना.

साडेअकराला शेजारच्या खोलीत चौकशी होती. अल्ताफची. अल्ताफ म्हणजे पॅकिंगमधला शिफ्ट सुपरवायझर, खुशालचा गोंडपिपरीचा शाळासोबती, आणि या सिमेंट कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचं कंत्राट त्याला मिळवून देणारा माणूस. होळीनंतरच्या मंगळवारी पोती वाहून नेणाऱ्या पट्ट्यात दिनेश नावाचा कंत्राटी मजूर ओढला गेला आणि जागच्या जागी संपला. डोंगरावरच्या गुड्यावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, सव्वीस वर्षांचा. पट्ट्याच्या टोकाला फिरणाऱ्या चाकावरची लोखंडी जाळी पाच दिवस तुटलेली होती आणि पट्टा तसाच फिरत होता. कारखान्याचं म्हणणं, जाळी तुटल्याचं अल्ताफने वर कळवलंच नाही, निष्काळजीपणा त्याचा. अल्ताफचं म्हणणं, होळीच्या आधीच्या शुक्रवारीच मी गुणवंतरावांना मेल केलं. प्रशासनाबरोबर सुरक्षेचं कामही गुणवंतरावांकडे होतं आणि पट्टा थांबवायचा हुकूम त्यांचाच चालायचा. गुणवंतराव म्हणत होते, असं मेल मला आलंच नाही. ते आलं होतं की नव्हतं, यावर अल्ताफची नोकरी राहणार की जाणार आणि पोलिसांच्या कागदावर त्याचं नाव चढणार की नाही, हे सगळं लटकलेलं होतं. ठरणार होतं ते खुशालच्या सांगण्यावरून. कारण ऑफिसातल्या चौदाही कॉम्प्युटरवरच्या मेलची नक्कल दर शुक्रवारी तो काढून ठेवत असे. निदान तशी नोंद होती.

नक्कल काढण्यात अक्कल लागते असं नाही. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. त्या वेळात मागच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवरून एक प्रोग्राम सुरू करायचा, तो वायरीवरून एकेका टेबलाशी जातो, तिथली मेलची फाइल उचलतो, तिची प्रत करून आणतो आणि पुढच्या टेबलाकडे सरकतो. अट एकच. त्या टेबलावर मेल बंद असलं पाहिजे. मेल उघडं असलं की फाइल धन्याच्या हातात असते, ती दुसऱ्याला मिळत नाही. प्रोग्राम हुज्जत घालत नाही, तेवढी सोडून पुढे जातो आणि शेवटी यादीत एका ओळीत लिहितो की एक राहिली. आता जेवायला जाताना माणसाने मेल बंद करून जायला काय हरकत आहे? पण या ऑफिसात ती होती. कारखान्याचे मोठे साहेब जेवणाच्या सुट्टीत मागे हात बांधून टेबलांमधून एक चक्कर मारत. रिकाम्या खुर्चीकडे ते बघत नसत, पडद्याकडे बघत. पडद्यावर मेल उघडं दिसलं तर माणूस इथेच आहे, हात धुवायला गेला असेल. पडदा काळा असला तर गेला घरी. ही रीत कुणी कागदावर लिहिली नव्हती, पण पंधरा दिवसांत सगळ्यांना पाठ झाली. मग बायकोला दवाखान्यात न्यायची असो की गडचिरोलीला लग्न असो, मंडळी मेल उघडं टाकून बिनघोर जाऊ लागली. माणसापेक्षा त्याचा पडदाच जास्त इमानाने नोकरी करत होता.

खुशालने यावर तोड काढली होती. शुक्रवारी एकला पाच कमी असताना तो प्रत्येक टेबलाशी जाऊन हात जोडायचा, 'साहेब, दहा मिनिटं बंद करा, मी स्वतः पुन्हा उघडून देतो.' तेरा लोक ऐकायचे. चौदावे गुणवंतराव. एका शुक्रवारी ते जागेवर नव्हते म्हणून त्याने त्यांचं मेल आपल्या हाताने बंद केलं, आणि त्यात त्यांनी मोठ्या साहेबांना अर्धवट लिहून ठेवलेलं एक लांबलचक पत्र पुसलं गेलं. मुलीच्या सोयरिकीबद्दल अभिनंदनाचं होतं, असं मागाहून कळलं. सुट्टी संपण्याआधीच गुणवंतराव परतले, पण त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं नाही. ते बाहेर आले, सगळ्यांच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "तुला इथे मशीन पुसायला ठेवलंय. माझ्या टेबलाला पुन्हा हात लावलास तर फाटकाच्या आत पाय ठेवू देणार नाही." तेरा माणसं डबे उघडे ठेवून बघत होती. कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास सुटला होता. तो वास आला की खुशालचं तोंड अजून कडू व्हायचं. घरी बायकोला, दिव्याला, त्याने सांगून टाकलं होतं, ती चटणी करत जाऊ नको. ती का विचारायची, तो सांगायचा नाही. नवरा पडेल तोंडाने उभा होता, हे बायकोला सांगण्यापेक्षा चटणी सोडलेली परवडली.

त्यानंतर महिनाभर त्याने नोंदवहीत 'अपूर्ण' लिहिलं. नोंदवही मुख्य ऑफिसने लावून दिलेली होती: तारीख, वेळ, पूर्ण की अपूर्ण, सही. बाकी काही लिहायला जागाच नव्हती. चार शुक्रवार अपूर्ण पडले तसा गुणवंतरावांना वरून फोन आला आणि त्यांनी त्याला बोलावून, उभं ठेवून, समजावलं. "चौदातले तेरा होतात ना? मग पूर्णच झालं. एका फाइलसाठी मला तोंडघशी पाडतोस?" तो म्हणाला, "साहेब, मेल बंद करा, म्हणजे तुमचीही होईल." "माझं मेल बंद होत नसतं," गुणवंतराव म्हणाले. पुढच्या शुक्रवारी त्याने 'पूर्ण' लिहिलं. पहिल्या वेळी हात जड झाला होता. संध्याकाळी ते गेल्यावर थांबून तेवढी एक फाइल घेऊ, असं त्याने मनाशी ठरवलं आणि दोन शुक्रवार थांबलाही. पण कारखान्याची बस साडेपाचला सुटायची, ती चुकली की कोरपना फाट्यावर जीपची वाट पाहत उभं राहायचं, घरी पोचायला साडेनऊ. तिसऱ्या शुक्रवारी तो बसमध्ये चढला. कुणाच्याही दट्ट्याशिवाय, आपण होऊन चढला. पावणेदोन वर्षं झाली त्याला. नकलांच्या कपाटात गुणवंतरावांच्या नावाची फाइल होतीच, जुनी, पावणेदोन वर्षांपूर्वीची. बाहेरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसायचं. आत उघडून कोण बघतो.

आणि हे इतकंच असतं तर खुशालला झोप लागली असती. निष्काळजीपणाला माणूस सरावतो. पण तो होळीच्या आधीचा शुक्रवार त्याने डोळ्यांनी पाहिला होता. गुणवंतराव बारालाच सणासाठी नागपूरला निघाले होते, मेल अर्थातच उघडं ठेवून. एकच्या सुमाराला खुशाल त्यांच्या केबिनच्या दाराशी आला, सवयीने. सवय म्हणजे काय, तर दर शुक्रवारी तो त्या दाराशी येऊन उभा राहायचा, आत बघायचा आणि परत जायचा. त्या दिवशी तो दोन पावलं आत गेला. पडद्यावर मेलची यादी होती आणि सगळ्यात वर, न वाचलेली असतात तशा ठळक काळ्या अक्षरांत, अल्ताफचं नाव होतं. पुढे इंग्रजीत विषय: पॅकिंगच्या पट्ट्याची जाळी तुटली, तातडीने. त्याने वाचलं. हात पाठीमागे बांधलेले होते, ते सोडले नाहीत. त्या वेळी मनात आलं ते आठवलं की आता त्याला स्वतःची किळस यायची. पट्टा नव्हता आला मनात. मनात आलं होतं, बघा, साहेबांना मेल आलंय तातडीचं आणि साहेब नागपूरच्या वाटेवर, बरं झालं, खातील आता बोलणी. एवढं मनातल्या मनात बोलून, थोडा खूश होऊनच, तो मागच्या खोलीत गेला आणि त्याने नोंदवहीत लिहिलं: पूर्ण. सोमवारी धुळवडीची सुस्ती. मंगळवारी सकाळी दिनेश पट्ट्यात गेला.

गुरुवारी गुणवंतरावांच्या कॉम्प्युटरची डिस्क बिघडली. बिघडली की बिघडवली, ते त्यांना ठाऊक. खुशालनेच नवी बसवली. जुनी खिशात टाकायला गेला तर गुणवंतराव म्हणाले, "ती राहू दे माझ्याकडे," आणि ती त्यांच्या बॅगेत गेली. अल्ताफकडे प्रत नव्हती. पॅकिंगच्या खोलीतला कॉम्प्युटर तिन्ही पाळ्यांचा मिळून एक, जुना आणि रडका. पाठवलेल्या मेलच्या प्रतींनी तो भरून जाई म्हणून खुशालनेच त्या ठेवणं बंद करून टाकलं होतं. बाहेर ज्यांच्यामार्फत मेल यायचं त्यांच्याकडेही, एकदा इथे उतरलं की काही उरत नसे. तरी अल्ताफ निश्चिंत होता. त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "खुशालपाशी कॉपी हाय." त्याची बायको फरहत एकदा चंद्रपूरला खुशालच्या दुकानावर आली. दिव्यासाठी शिरखुर्म्याच्या शेवयांचं पुडकं आणलं होतं, आणि उभ्या उभ्या म्हणाली, "भाऊ, हे म्हणतात तुमच्याकडे सगळ्यांची नक्कल राहते. सापडली का?" तो म्हणाला, "पाहून राह्यलो." महिनाभर तो हेच म्हणत राहिला. पाहून राह्यलो. शेवटी मागच्या आठवड्यात अल्ताफला फोनवर म्हणाला, "बॅकअपमधे नाई दिसून राह्यलं गा." यात खोटं एक अक्षर नव्हतं. अल्ताफ म्हणाला, "नीट पाह्य ना." बस.

अल्ताफचा राग यायचा त्याला. हे कुणाला सांगायची सोय नाही, पण यायचा. गोंडपिपरीला बाबूभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. अल्ताफ त्यांचा मुलगा, वर्गात नेहमी दुसऱ्या बाकावर, नेहमी गृहपाठ केलेला, मास्तरांनी फळ्यावर चुकीचं लिहिलं तर हात वर करून सांगणारा. आणि मार खाणारा. मग तो पॅकिंगमध्ये लागला, सुपरवायझर झाला, आणि एक दिवस चंद्रपुरात येऊन म्हणाला, "तू इथी माश्या मारत काऊन बसला? आमच्या कंपनीत माणूस पाह्यजे." त्याने शब्द टाकला आणि काम झालं. अल्ताफने त्याचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. उपकार करणाऱ्याने अधूनमधून टोमणा मारावा, म्हणजे घेणाऱ्यालाही चिडता येतं, फिट्टमफाट होते. अल्ताफने तेवढीसुद्धा सवलत दिली नाही. आता चौकशीत खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी पावणेदोन वर्षं खोट्या सह्या केल्या. मी ते मेल पाहिलं आणि काही बोललो नाही. कंत्राट तर जाईलच, चंद्रपुरातली दोन ऑफिसं, एक बँक, सगळीकडे ही गोष्ट दोन दिवसांत पोचेल. आणि अल्ताफ वाचेल. तो वाचेल तो खुशालला उघडा पाडून, आणि वर माफही करून टाकेल. ते माफ करणं त्याला सगळ्यात असह्य वाटत होतं. असं त्याने स्वतःला बजावलं खरं. पण मूळ गोष्ट साधी होती, तो घाबरला होता. बाकीची सगळी कारणं भीतीने गोळा केलेली होती.

गुणवंतराव घाईत नव्हते. कूलरच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांनी एकेकावर काहीतरी ठेवलं. "घरी बरं आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं. खुशाल हो म्हणाला. "मुलगी कितवीत?" त्याला मुलगी आहे हे यांना कुणी सांगितलं? तो म्हणाला, तिसरीत. "छान. आणि माझी फाइल आहे ना नकलांमध्ये?"

"आहे साहेब."

"झालं तर. नोंदवहीत सगळीकडे पूर्ण आहे, सह्या तुमच्या आहेत, चौकशीला आलेले नागपूरचे वकीलसाहेब बघून खूश झाले. म्हणाले, असं टापटिपीचं काम फार थोडे करतात." गुणवंतराव थोडे पुढे वाकले, आवाज मात्र तसाच ठेवला. "ते विचारतील तेवढंच सांगा. उघडी फाइल, बंद फाइल, वायर, प्रोग्राम, हे त्यांना कळत नाही. उगाच त्यांचा वेळ जातो."

म्हणजे याला माहीत होतं. सगळं माहीत होतं, पहिल्यापासून. खुशालला वाटलं होतं की आपण काहीतरी लपवून बसलोय. आणि हा माणूस ते त्याच्यासमोर टेबलावर ठेवून त्यावर हात पसरून बसला होता. चीड यायला हवी होती, आली नाही. उलट, आता आपण एकटे नाही, असं काहीतरी हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं किती घाण आहे हे कळूनही ते गेलं नाही. तो म्हणाला, "बरं साहेब." गुणवंतरावांनी उठून स्वतः दार उघडून धरलं.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला वकीलसाहेब, वयस्क, पातळ पांढरे केस, खादीचा सदरा, दिसायला भला माणूस. शेजारी टाइप करणारी मुलगी. दुसऱ्या टोकाला अल्ताफ. दाढी नीट केलेली, इस्त्रीचा शर्ट, समोर एकही कागद नाही. त्याने खुशालकडे पाहून मान हलवली, शाळेत परीक्षेच्या हॉलमध्ये हलवायचा तशी. खुशालने नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, काम सांगितलं. वकीलसाहेबांनी नोंदवही पुढे सरकवली. होळीच्या आधीचा शुक्रवार त्यांनी पेन्सिलीने टिंब देऊन ठेवला होता.

"ही सही तुमची?"

"हो."

"इथे पूर्ण असं लिहिलंय, ते तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"या दिवसाच्या नकलांमध्ये श्री. अल्ताफ यांनी श्री. गुणवंतराव यांना पाठवलेलं काही सापडलं का?"

"नाही," खुशाल म्हणाला. हेही खरंच होतं. त्याने तीन उत्तरं दिली होती आणि तिन्ही खरी होती. मग वकीलसाहेब मुलीकडे वळून सावकाश सांगू लागले, ती टाइप करू लागली: नक्कल पूर्ण होती, त्यात असे मेल आढळले नाही, सबब असे मेल प्राप्त झालेच नव्हते. ही शेवटची ओळ त्याने म्हटलेली नव्हती. ती त्याच्या तोंडी घातली जात होती, आणि मुलीची बोटं कीबोर्डवर होती तेवढा वेळ, तीन-चार सेकंद, तो बोलू शकत होता. ते घोकलेलं वाक्य आता आलं, स्वच्छ, जसंच्या तसं, घशापर्यंत. कागद छापून त्याच्यापुढे आला. "वाचा. काही दुरुस्ती असेल तर सांगा," वकीलसाहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. खुशालने वाचलं. वडिलांचं नाव दसरूऐवजी दशरथ टाइप झालं होतं. त्याने ते दाखवलं, मुलीने दुरुस्त करून दिलं. मग त्याने सही केली.

बाहेर चुन्याच्या धुळीने पांढरी झालेली कडुनिंबाची ओळ होती, तिच्या सावलीत अल्ताफ उभा होता. खुशाल दुसऱ्या बाजूने निघून जाणार होता, पण अल्ताफने हाक मारली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी शोधत असल्यासारखा तो जमिनीकडे बघत होता. "म्या बटन दाबलंच नसन गा," तो म्हणाला. "लिवलं ते आठोते. पुन्हा वाचलं ते बी आठोते. तेवढ्यात ट्रकवाले बोंबलून राह्यले होते, उठून गेलो असन तसाच. रात्रंदिवस तेच आठोत बसलो महिनाभर. आता तं मलेच समजत नाई."

"आठवण राह्यते का इतकी," खुशाल म्हणाला. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"तुह्याजवळ असतं तं तू देल्लंच असतं. तू काऊन लपोशील." अल्ताफने मान वर केली. "फटफटी घे त्या वॉचमनची. गुड्यावर जाऊ. सोमारीबाईले, दिनेशच्या मायले, सांगा लागते."

"आज काऊन? उन्ह पाह्य."

"आजच. दिनेशच्या मातीले गेलो होतो तवा म्या तिले सांगतलं, बाई, म्या लिवून देल्लं होतं, त्याईनं आयकलं नाई. ते खोटं झालं ना. तिले तसंच ठेवू का?"

नाही म्हणायला खुशालला कारण सापडलं नाही. घाटाच्या कच्च्या रस्त्याने बारा किलोमीटर, अल्ताफ मागे बसून, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. त्या हातांचं वजन त्याला सबंध रस्ताभर जाणवत होतं. दोनदा त्याला वाटलं, गाडी थांबवावी आणि पाठ तशीच ठेवून सांगून टाकावं, तोंड दिसत नाही तोवर. दोन्ही वेळा पुढे खडा चढ आला आणि गिअर बदलावा लागला. तेवढं कारण पुरलं.

सोमारीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. दिनेशची आई, वाळकी, उंच, कपाळावर गोंदण. अल्ताफ जोहार म्हणाला, तिने जोहार केला, घरातून पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हाती दिला आणि पुन्हा उकिडवी बसून फुलं हाताने पसरू लागली. अल्ताफने पाणी घोटभर घेतलं. मग उभ्यानेच, एका दमात त्याने सांगितलं: बाई, म्या तुमाले सांगतलं होतं चिठ्ठी लिवली म्हनून, ते चुकलं माहं. चिठ्ठी गेलीच नोहोती. आज सायबाईनं तपासलं. राह्यलं ते माह्यानंच राह्यलं.

तिचा हात चालूच होता. "मंग त्यायले मालूमच नोहोतं?"

"नाई."

"कोनालेच?"

"कोनालेच नाई, बाई."

मग तिने खुशालकडे पाहिलं आणि अल्ताफला विचारलं, हे कोण. अल्ताफ म्हणाला, "हा माहा दोस्त. मशीनवाला. सगळ्याईच्या चिठ्ठ्या याच्यापाशी राह्यते." तेव्हा ती उठली, हात लुगड्याला पुसले आणि खुशालच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तुमी पायलं का भाऊ, चांगलं? याची चिठ्ठी नोहोती? का आहे ना, मी मनाले म्हनत होती, एका मानसानं तं पायलं होतं माह्या पोराकडे. एकानं तं म्हनलं होतं, थांबवा म्हनून."

इथे नोंदवही नव्हती. वकील नव्हते, गुणवंतराव नव्हते. या अंगणात बोललेलं कारखान्याच्या फाटकापर्यंतही पोचलं नसतं, आणि पोचलं तरी या बाईचं कोण ऐकणार होतं? कंत्राट सुखरूप होतं, सही झालेली होती. इथे खरं बोलायला काही मोल पडत नव्हतं, म्हाताऱ्या बाईच्या जिवाला तेवढाच आधार, आणि अल्ताफचा स्वतःवरचा विश्वास त्याला परत मिळाला असता. खुशालला हे सगळं कळलं, एकदम आणि स्पष्ट. डोळ्यांपुढे ती ठळक काळी अक्षरं आली. अल्ताफ त्याच्याकडे बघत होता, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा, शांतपणे.

"नोहोती बाई," खुशाल म्हणाला. "म्या सगळं पायलं."

"बरं," सोमारी म्हणाली. ती अल्ताफकडे वळली. आवाज चढवला नाही, त्याच्याकडे नीट पाहून म्हणाली, "मंग तू आता येत नोको जाऊ इथी."

अल्ताफने तांब्या ओट्यावर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि कुंपणाबाहेर जाऊन गाडीपाशी पाठमोरा उभा राहिला. खुशालही निघाला. तेवढ्यात सोमारीने तो तांब्या उचलला, उरलेलं पाणी फेकून दिलं, आत जाऊन विसळून भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. "तुमी पानी नाई प्याले," ती म्हणाली. पाणी माठातलं होतं, गार. खुशालने उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं.